बंद दारांवरच्या लाल खुणा

हसू नका, पण दाराला कडी लावून बसलेय मी. घरात कुणी नाही. आमचे हे मालाचा ऑटो घेऊन उमरीला गेलेत, दिवस मावळल्याशिवाय यायचे नाहीत. तरी कडी लावली. कारण आता जे सांगणार आहे ते ह्यांना माहीत नाही, माझ्या आईला माहीत नाही, ट्रेनिंगमधल्या मैत्रिणींना माहीत नाही — आणि त्यांना तर मी ह्यांच्या घोरण्यापासून सासूच्या मूळव्याधीपर्यंत सगळं सांगितलंय! हे एकच पोटात ठेवलं. दोन वर्षं होत आली.

छाती कशी धडधडायली बघा. भीतीनं नाही हो — म्हणजे भीती आहेच — पण तिच्याहून जास्त एक घाई सुटलीय, सांगून टाक, सांगून टाक, अशी. माझा स्वभावच तसा. बातमी पोटात राहत नाही म्हणून गल्लीत मला रेडिओ म्हणतात. मग हीच एक कशी राहिली? तेच तर सांगायचंय.

मी आशाताई, सरकारी दवाखान्याची आशा वर्कर. नाव निर्मला, पण ते आधार कार्डावर. हाक कुणी मारत नाही त्या नावानं. नांदेडच्या बाहेरच्या अंगाला, जिथं शेतं मोडून प्लॉट पडले आणि प्लॉटांवर भाड्याच्या खोल्या उठल्या, तिथल्या चार गल्ल्या माझ्याकडं. कुणाला दिवस गेलेत, कुणाचं लेकरू वजनात बसत नाही, कोण टीबीची गोळी खिडकीतून फेकून देतंय — सगळं मला ठाऊक. त्या गल्ल्यांतल्या घरांत माझ्याइतकं आतपर्यंत कुणीच गेलेलं नाही, अगदी सख्ख्या पाहुण्यांपेक्षाही. हे आधीच सांगून ठेवते. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

आणि आमची गल्ली म्हणजे काय, विचारू नका! एका नालीवरून तीन वर्षं भांडण चाललेलं. उतार कुणाच्या दारातून काढायचा, एवढाच प्रश्न. पवारकाका — रिटायर कंडक्टर, चष्मा कपाळावर आणि आवाज अजून एसटीतला — म्हणायचे, चाँदभाईच्या दुकानापासून काढा. चाँदभाईचं पंक्चरचं दुकान. त्यांची तिसरी पिढी नांदेडात. ते म्हणायचे, पैले काका का ओटा तोडो. आमच्या बौद्ध वस्तीकडच्या टोकाला आम्ही म्हणायचो, दोघांचं पाणी आमच्याच दारात का? कुणी कुणाच्या हळदी-कुंकवाला जात नव्हतं, ईदचा शीरखुर्मा वाटीभरसुद्धा इकडून तिकडं सरकत नव्हता. अशी आमची एकी.

त्या गल्लीत रीना आणि बबलू राहायला आले. बिहारचे, पूर्णियाकडचे. बबलू टाइल्स बसवायचा, हात एकदम साफ. रीना एकवीस-बावीसची असंल, पहिलटकरीण. तिसऱ्या महिन्यात मीच तिची नोंद केली, कार्ड केलं, नर्सबाईनं पहिलं इंजेक्शन दिलं तेव्हा माझाच हात धरून बसली होती. खोलीचा मालक देगलूरला राहायचा, त्याला भाड्याशी मतलब. तिला इथं दुसरं कुणीच नव्हतं. मी गेले की सत्तूचं, म्हणजे फुटाण्याच्या पिठाचं पाणी करून द्यायची, लिंबू पिळून. आणि मला दीदी म्हणायची — मला, जिला सगळी दुनिया ताई म्हणते! का कोण जाणे, ते ‘दीदी’ मला लई गोड लागायचं. मी तिला मराठी शिकवायची. ‘पोट दुखायलंय’, ‘चक्कर यायली’, ‘बाळ हलायलंय’. ‘हलायलंय’ म्हणताना ती स्वतःच हसत सुटायची.

आता ऐका.

पोलिओच्या रविवारी बूथवर लेकरं येतात, डोस घेतात. जी येत नाहीत त्यांच्यासाठी पुढचे दिवस घरोघरी फिरायचं. लसीचा डबा खांद्याला, कागद हातात, आणि प्रत्येक दारावर खडूनं खूण — डोस झाला असंल तर ‘पी’, राहिला असंल तर फुली. फुली असली की परत जायचं. सुपरवायझर मॅडमच्या नजरेला दुसरं काही पडत नाही, फुली बरोबर पडते.

त्या खेपेला माझ्या जोडीची बाई आजारी. मी एकटी. आणि त्याच दिवशी हिमायतनगरला नणंदेच्या लेकीचा साखरपुडा. नवी साडी घेतलेली, जांभळी. दीडची गाडी. आमच्या गल्लीतली नऊ घरं बंद — नवरा-बायको दोघं कामाला जाणारी, लेकरं आजीकडं सोडून जाणारी. ती सगळी संध्याकाळी उघडतात. संध्याकाळी परत यायचं म्हणजे साखरपुडा गेला! मग मी काय केलं? नऊच्या नऊ दारांवर ‘पी’ लिहिला. झाला डोस. कागदावर लेकरांची नावंही चढवली, मला तोंडपाठच होती. आणि त्यांच्या वाट्याचे थेंब मोरीत सोडले, म्हणजे हिशोब बसावा.

हे सांगताना बी लाज वाटायली. पण थांबा, हे तर काहीच नाही.

मन खात होतं. म्हणलं, साखरपुड्याहून आले की गुपचूप ह्या नऊ घरांना जाऊन डोस देईन. पण कागद तर मॅडमकडं जमा व्हायचा, मग नेमकी कोणती नऊ, हे चार दिवसांनी ध्यानात राहील का? आपली आपल्याला कळंल अशी एक बारीक खूण करावी. तर खडू संपलेला! शेवटचा तुकडा नवव्या ‘पी’ला घासून गेला. तिथंच समोर रीनाची खोली. मी म्हणले, काही लिहायला हाय का गं? तिनं बबलूच्या पिशवीतून लाल खडू काढून दिला, टाइल्सवर खूण करायचा, जाडा, तेलकट.

“ले लो दीदी, ये मिटता नहीं है,” म्हणली.

मी नऊ दारांच्या चौकटींवर, खाली कोपऱ्यात, एक-एक छोटा गोल काढला. गोलात एक आडवी रेघ. खडू तिला परत दिला, सत्तू पिले, गाडी पकडली. साखरपुडा लई झकास झाला.

परत त्या घरांना गेले का मी? नाही गेले. आज जाते, उद्या जाते करता करता राहूनच गेलं. पांढरा ‘पी’ चार दिवसांत उडून गेला. लाल गोल मात्र तसेच राहिले, धुतलं तरी न जाणारे.

तीनेक आठवडे झाले असतील. गल्लीच्या ग्रुपवर एक आवाजी मेसेज आला. तुमच्याकडंही आला असंल तसला. कुणी तरी घाबऱ्या आवाजात सांगायलंय — बाहेरच्या राज्यातली टोळी फिरायली, बांगलादेशी आहेत, आधी माणसं पेरतात, बंद घरांवर खुणा करतात, मग लेकरं उचलतात, घरं फोडतात. कोण बोलतंय, कुठून बोलतंय, काही नाही. मी ऐकला आणि पुढं चार ग्रुपवर पाठवला! रेडिओ ना मी! माझ्या डोक्यात बी आलं नाही तेव्हा की खुणा म्हणलं की माझ्याच.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी दहाच्या सुमाराला पवारकाकांचा आवाज आला — तिकीट तिकीट म्हणणारा तोच आवाज — “अरे बाहेर या सगळे! हे बघा काय हाय!”

मी धावले. काका वाकून एका चौकटीकडं बोट दाखवायलेत. लाल गोल. आडवी रेघ. मग दुसऱ्या दारावर. तिसऱ्या. काकांनी कंडक्टरच्या शिस्तीत गल्ली पालथी घातली आणि नऊ खुणा मोजल्या. आणि मग ते जे बोलले ना, त्यानं सगळ्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. “ध्यानात येतंय का? जी घरं दिवसा बंद असतात, तेवढ्याच घरांवर हाय. एक बी घर चुकलेलं नाही. हे इथंच राहून बघणाऱ्याचं काम हाय.”

बरोबरच बोलले हो! अगदी बरोबर. इथंच राहून बघणारीचंच काम होतं ते.

त्या क्षणी दोन शब्द पुरे होते. ‘काका, मीच केल्यात.’ बस. फार तर काय झालं असतं? मॅडमपर्यंत गेलं असतं, कागद उघडले असते, थेंबांचं निघालं असतं, काम गेलं असतं. गेलंच असतं, खात्रीनं. तोंड उघडलं मी. उघडलं आणि मिटलं. मग म्हणले, “अगं माय!”

एवढंच म्हणले. सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्याच सुरात.

आणि आता जे सांगते ते सांगायला सगळ्यात अवघड आहे, कारण ते ऐकून तुम्ही म्हणाल, ही बाई कसली! पण ऐकाच. मला मजा आली. हाव, मजा! घंटाभरात गल्ली अशी काही पेटून उठली की काय सांगू तुम्हाला! तीन वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एका ओट्यावर बसली. त्याच ओट्यावर, जो तोडायचा म्हणून भांडण होतं! चाँदभाईनं दुकानातून खुर्च्या आणून टाकल्या. पवारकाकूंनी चहा केला आणि आमच्या टोकाच्या बायकांना हातानं कप दिले — त्यांच्या घरचा कप मी पहिल्यांदा तोंडाला लावला, आशाताई असूनसुद्धा. कोण कुणाच्या खांद्यावर हात टाकायलंय, कोण कुणाला ‘भाऊ काळजी करू नको’ म्हणायलंय. हवेत नुसती एक लहर होती, लग्नघरात वरात यायच्या आधी असते ना, तशी. आम्ही सगळे एक! आणि आम्ही कोण हे आम्हाला कशानं कळलं? तर आमच्यात कोण नाही, ते ठरल्यानं.

नाव कुणी आधी घेतलं? खरंच आठवत नाही. कुणी तरी म्हणलं, नवीन कोण आलंय गल्लीत. दुसरं म्हणलं, त्यांची बोली बंगालीसारखीच वाटती. चाँदभाई म्हणले, “ये लोगां अपने इधर के नै हैं.” आणि बघा, ‘अपने’ म्हणताना त्यांनी हात पवारकाकांच्या गुडघ्यावर ठेवला होता. काकांनी बी तो राहू दिला. मागच्याच दिवाळीत हेच काका चाँदभाईला काय काय बोलले होते, मी कानांनी ऐकलेलं. त्या रविवारी मात्र चाँदभाई एकदम इथले झाले. मी बी झाले. बाहेरचं कुणी तरी लागतं, तेव्हा आतले सगळे एका रांगेत येतात. मला हे तेव्हा कळत होतं का? थोडं कळत होतं. पण इतकं छान वाटत होतं की कळून घ्यायचं नव्हतं.

मग काका माझ्याकडं वळले. सगळी गल्ली वळली. “आशाताई, तुम्ही त्यांच्या घरात जाता. तुम्हाला आतलं माहीत. काय दिसलं कधी?”

किती माणसं असतील? चाळीस-पन्नास तरी. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. आयुष्यात पहिल्यांदा हो! मीटिंगमध्ये मी शेवटच्या रांगेत बसणारी, मॅडम मला ‘ए आशा’ म्हणणार. आणि इथं रिटायर माणूस मला तुम्ही म्हणून विचारायलाय. मला म्हणता आलं असतं, गरीब लेकरं आहेत, ती सात महिन्यांची पोटुशी आहे, सोडा. सगळ्यांनी ऐकलंही असतं माझं, त्या घडीला माझा शब्द असा चालत होता.

मी म्हणले, “त्यांच्याकडं लाल खडू असतो.”

खोटं काय बोलले? काहीच नाही. शब्द न् शब्द खरा. म्हणून तर तो इतका कामाला आला.

पुढचं भराभर झालं. लोक खोलीवर गेले. रविवार म्हणून बबलू घरीच, दाढी करत होता, अर्ध्या गालावर फेस तसाच. पिशवी उलटी केली. करणी, हातोडी, दोऱ्याचं बंडल, आणि लाल खडू — एक नाही, तीन. एवढा गलका झाला! कुणी तरी त्याच्या थोबाडीत दिली. फेस उडाला भिंतीवर. तो आपला, “भैया टाइल का है, टाइल का है,” एवढंच बोलायलाय. आधार काढून दाखवलं, तर ते नकली म्हणून फेकलं. कुणाला वाचायचंच नव्हतं ते.

आणि रीना चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, भिंतीला टेकून उभी. एक हात पोटावर. तिची नजर गर्दीत फिरत फिरत माझ्यावर आली. आणि थांबली. तिला माहीत होतं. खडू तिनंच दिला होता मला, तिच्याच उंबऱ्यात, आणि मी समोरच्या चौकटीवर वाकलेली तिनं बघितली होती. मी वाट बघितली — आता बोलेल, आता बोट करेल. मनात ठरवून बी टाकलं होतं, ती बोलली तर ‘खोटं बोलती ती’ म्हणायचं. शब्द जिभेवर तयार होते.

ती बोलली नाही. माझं नाव घेतलं नाही तिनं. कामून घेतलं नाही? मला वाचवलं, का माझ्यावर भरोसा टाकला की दीदी स्वतःच बोलेल? का कुणी ऐकणार नाही हे तिला आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं? मी बाजूच्या बाईच्या मागं सरकले. तिच्या खांद्याआडून दिसत होतं तेवढंच बघितलं.

देगलूरला मालकाला फोन लागला. तो म्हणला, काढा बाहेर. दुपारी चारला ते दोघं दोन पिशव्या आणि एक गुंडाळलेली चटई घेऊन गल्लीतून गेले. कुणी शिवी दिली नाही तेव्हा. सगळे शांत उभे राहिले दोन्ही बाजूंना. पवारकाका तर म्हणले बी, “बाई पोटुशी हाय, नीट जाऊ द्या,” आणि सगळ्यांना स्वतःचा मोठेपणा वाटला.

खोटं वाटंल तुम्हाला, पण आठ दिवसांत नाली झाली! तीन वर्षांचं भांडण, आठ दिवसांत. उतार मधून काढला, सगळ्यांनी थोडं थोडं सोसलं. ईदला शीरखुर्मा आमच्या टोकापर्यंत आला, दिवाळीला फराळ तिकडं गेला. चोरी काही झाली नाही. होणार कशी? पण लोक म्हणायचे, बघा, वेळेवर हाकललं म्हणून वाचलो. आणि त्यात माझं नाव — आशाताईंनी सांगितलं म्हणून कळलं. काकूंनी मला साडीचोळी केली. मी घेतली. नेसले सुद्धा.

तुम्ही म्हणाल, त्या माणसांचा तुला राग होता का? अजिबात नव्हता. तेच तर मला कळत नाही, का कळतंय म्हणून सांगवत नाही. मी जंगलाकडच्या इस्लापूरची. लग्न होऊन नांदेडला आले तेव्हा जाऊ मला ‘जंगलातली’ म्हणायची, चार बायकांत. आमचे हे दोन वर्षं हैदराबादला सेंटरिंगच्या कामावर होते. तिथं कुणाची मोटर चोरीला गेली तर पहिली झडती मराठी पोरांच्या खोलीची व्हायची. एकदा ह्यांना ठाण्यात बसवून ठेवलं दिवसभर. घरी आल्यावर ह्यांनी जेवण केलं नाही, फक्त म्हणले, “साला, आपण चोर दिसतो का?” मी तेव्हा रडले होते. म्हणजे ती बाजू मला आतून माहीत. माहीत असून काही उपयोग झाला नाही. उलट, दुसरं कुणी तिथं बसलंय आणि आपण नाही, ह्याचं एक हलकंपण असतं — ते मी चाखलं. गोड होतं.

आता एवढं सगळं ऐकून तुम्हाला वाटंल, झालं, ओकून टाकलं हिनं. गर्दीत सापडली बिचारी, नोकरीची भीती, त्यात तोंड फसकन उघडलं. मीही स्वतःला असंच सांगत होते. गर्दीनं केलं, गर्दीनं केलं. गर्दीच्या नावावर किती मावतं हो!

पण दार लावून बसले ते ह्यासाठी नाही.

ते गेले त्याला दहा-बारा दिवस झाले असतील. मंगळवार, दुपारचे बारा. मी स्वयंपाकघरात एकटी, मेथी निवडत बसले होते. पंखा चालू. अनोळखी नंबरवरून फोन आला. माणूस मोठा वयाचा, बोलणं अदबीचं. लातूरहून बोलतोय म्हणला. त्याच्या दोन खोल्या आहेत भाड्याच्या, क्लासच्या पोरांना देतो, पण एक रिकामी हाय. “एक जोडपं आलंय ताई. बिहारचं हाय. टाइल्सचं काम करतो म्हणतोय पोरगा. बाई पोटुशी हाय, आठवा म्हणती. चार दिवस झाले, कुणी खोली देईना गेलंय, स्टँडकडं कुठं तरी पडून राहतेत. मी म्हणलं, महाराष्ट्रात ओळखीचं कुणी हाय का, कुणाचा तरी शब्द पाहिजे. तर पोरीनं तुमचा नंबर दिला. म्हणली, नांदेड में मेरी दीदी है, उनसे पूछ लो. तुमचं नाव निर्मला ना?”

निर्मला! तिला माझं नाव माहीत होतं. मी करून दिलेल्या तिच्या कार्डावर नंबरासोबत लिहिलेलं, तिनं वाचून ठेवलेलं.

मागून तिचा आवाज आला मला, हळू. “दीदी हैं?” असं विचारायली होती त्याला.

“कसे हायेत लोक?” त्यानं विचारलं. “तुम्ही हो म्हणला की आत्ता सामान आत घेतो. पोरीचे पाय लई सुजलेत.”

सुजलेले पाय म्हणजे काय, हे मला कळतं. आठव्या महिन्यात पाय सुजले तर काय तपासायचं, कुठं न्यायचं, हेच तर मला शिकवलंय. आणि लातूरला माझ्या ट्रेनिंगची एक मैत्रीण आहे, त्याच कामाची. एक फोन केला असता तर घंटाभरात तिच्यापाशी जाऊन उभी राहिली असती.

आता बघा हं. इथं पवारकाका नव्हते. चाँदभाई नव्हते. पन्नास माणसांचे डोळे नव्हते, खुणा नव्हत्या, चहा नव्हता. कुणाला कधी कळलंही नसतं मी काय बोलले ते. नोकरीला धक्का नव्हता. कशाचीच भीती नव्हती मला त्या दुपारी. मेथीच्या दोन जुड्या होत्या आणि पंखा होता.

माझ्या मनात काय आलं, सांगते. हो म्हणलं, तर मी खोटी ठरते. दुसऱ्या कुणापुढं नाही, माझ्यापुढंच. ते चांगले आहेत असं एकदा तोंडानं म्हणलं, की मग तो रविवार काय होता? ते ओट्यावरचं प्रेम काय होतं, ती साडी कशाची होती? ते चोर असले तरच मी बरी. म्हणून ते चोर असायलाच पाहिजे होते. हे इतकं लांबलचक तेव्हा नाही सुचलं, सगळं मिळून एक क्षण गेला असंल.

मी म्हणले, “कोण? मी नाही ओळखत.”

तो म्हणला, “पण ती तर तुमचं नाव…”

“नाव काय, कुणाचंही घेतात. माझ्याकडं ढीगभर बाया येतात कार्डाला.” आणि मग, त्यानं काही न विचारता, माझ्या मनानं, एकदम मायेच्या आवाजात — तसाच आवाज, जो मी पोटुशी बायांशी बोलताना काढते — मी पुढं म्हणले, “दादा, बाहेरचे लोक हायेत. नीट बघून द्या खोली. आमच्या इकडं लई प्रकार झालेत.”

“बरं झालं बाई, तुम्ही सांगितलंत,” तो म्हणला. “उपकार झाले.” फोन ठेवायच्या आधी तो फोन तोंडापासून लांब धरून कुणाला तरी म्हणलेला ऐकू आला, नही मिलेगा. मग फोन बंद झाला.

तिचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. तिच्या बाळंतपणाची तारीख माझ्या रजिस्टरमध्ये होती. ती आली आणि गेली. तिच्या नावापुढं एक रकाना भरायचा होता, बाईचं काय झालं त्याचा. मी लिहिलं, ‘स्वतःहून गाव सोडून गेली’. अक्षर माझं चांगलं आहे, मॅडम नेहमी म्हणतात.